माल्टाची पाषाणमंदिरे व त्यांचे कर्ते

गोझो बेटावर शारा नावाचे एक गाव आहे. त्या गावच्या पठारावर प्रचंड शिळांची एक भिंत हजारो वर्षे ऊनपाऊस सोशीत उभी आहे. काही ठिकाणी तिची उंची आजही सहा मीटर, म्हणजे जवळजवळ वीस फूट भरते. लोक त्या वास्तूला ‘जगांतिया’ म्हणतात. राक्षसांचे ठिकाण असा त्या शब्दाचा भाव. ही वास्तू कोणी बांधली असे पूर्वी तेथील एखाद्या म्हातारीला विचारले असते, तर तिने सान्सुना नावाच्या राक्षसिणीची गोष्ट सांगितली असती. ही सान्सुना घेवड्यासारख्या जाड शेंगा आणि मध खाऊन राही. तिला एका साध्या माणसापासून मूल झाले. ते मूल खांद्याला लटकावून तिने एकेक शिळा वाहून आणली, हे घर रचले, आणि पुढे ती तेथेच देवपूजा करू लागली.

ही गोष्ट ऐकून आपण हसण्याचे कारण नाही. डोंगरात एखादे लेणे दिसले की ते पांडवांनी एका रात्रीत कोरले असे आपल्याकडे किती गावांत सांगतात! जे काम आपल्या हातून होणे शक्य वाटत नाही ते आपल्यासारख्याच माणसांनी केले असेल, हे मनाला चटकन पटत नाही. माल्टाच्या बाबतीत विशेष असे की ही चूक एकट्या खेडुतांनी केली नाही. मोठमोठ्या पंडितांनीही ती तीनशे वर्षे निरनिराळ्या रूपांत केली. राक्षस गेले, त्यांच्या जागी फिनीशियन आले. फिनीशियन गेले, मग ग्रीस देशाकडचे कारागीर आले. प्रत्येक वेळी श्रेय बाहेरच्याला मिळाले. ज्यांचे श्रेय बुडाले ती बेटावरची साधी शेतकरी माणसे होती, आणि त्यांनी आपल्यामागे लिहिलेले एक अक्षरही ठेवलेले नव्हते.

माल्टा हे भूमध्य समुद्राच्या मध्यावरचे चिमुकले राष्ट्र. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरवर माल्टा, गोझो आणि त्यांच्यामधले छोटे कोमिनो अशी ही बेटे आहेत. सर्वांचे मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. गोव्याचे बारा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ही भूमी. बारमाही नदी नाही, मोठे रान नाही, खडकावर मातीचा पातळ थर आणि उन्हाळा कडक. ख्रिस्ती वाचकांना हे बेट निराळ्या कारणाने परिचित आहे. संत पौलाला बंदी म्हणून रोमकडे नेत असता त्याचे गलबत इ. स. ६० च्या सुमारास याच किनाऱ्यावर फुटले. गलबतावर २७६ माणसे होती, आणि पावसाने गारठलेल्या त्या परक्यांना बेटावरच्या लोकांनी शेकोटी पेटवून आसरा दिला, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सांगितले आहे. त्या सहृदय बेटवासीयांनाही आपल्या भूमीवरची ही देवळे कोणाची हे ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पौल तेथे उतरला तेव्हा ती ओस पडून सुमारे चोवीसशे वर्षे लोटली होती.

येथील भाषाही मोठी कुतूहलाची आहे. ती अरबी कुळातली, लिहिली जाते रोमन लिपीत, आणि बोलणारे बहुतेक सारे कॅथलिक. हे लोक आपल्या प्रार्थनेत परमेश्वराला ‘अल्ला’ असे संबोधतात. ‘हाजर ईम’ हे तेथील एका सुविख्यात देवळाचे नाव. त्यातला ‘हाजर’ म्हणजे दगड. हैदराबादकडच्या वाचकांना काबेतल्या ‘हजर-ए-अस्वद’ या शब्दावरून तो सहज ओळखता येईल.

या एवढ्याशा बेटांवर अशी देवळे तीसच्या आसपास होती. इ. स. पू. ३६०० च्या सुमारास त्यांची बांधणी सुरू झाली आणि अकरा-बाराशे वर्षे ती परंपरा चालली. जगांतिया, हाजर ईम, म्नायद्रा, तार्शीन, स्कोर्बा आणि ता हाजरात येथील अवशेष त्यांत प्रमुख असून त्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान आहे. देवळांची घडण साधारण एकच. समोर मोकळे अंगण. त्याला सामोरी, आत वळलेल्या धनुष्यासारखी दर्शनी भिंत. तिच्या मध्ये दार, म्हणजे दोन उभ्या शिळा आणि त्यांवर उत्तरंग म्हणून ठेवलेली तिसरी. दारातून सरळ वाट आत जाते आणि तिच्या दोन्ही अंगांना अर्धवर्तुळाकार दालने उघडतात. आरंभीच्या देवळांत अशी तीन दालने असत, त्यामुळे वरून पाहिल्यास आराखडा बेलाच्या पानासारखा दिसतो. पुढे पाच दालनांची देवळे होऊ लागली, कोठे त्याहूनही अधिक.

बांधकामात चुना नाही, दर्जा भरण्याला कसलाही मसाला नाही. आपल्याकडे हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी देवळे जशी नुसत्या दगडाच्या भारावर आणि सांधेजुळणीवर उभी असतात, तशीच हीही. फरक एवढा की हेमाडपंती देवळाच्या गवंड्याजवळ लोखंडी छिन्नी होती. माल्टाच्या गवंड्याजवळ कोणत्याच धातूचे हत्यार नव्हते. त्याच्यापाशी होते दगडी हातोडे, हाडांची व शिंगांची टोके, गारगोटीची पाती, आणि समुद्रापलीकडून आणलेला ज्वालामुखीचा काळा काचदगड. गारगोटी सिसिलीहून येई, काचदगड लिपारी आणि पांतेलेरिया या बेटांवरून. म्हणजे ही माणसे होड्यांतून दूरवर जात-येत होती.

बेटावर चुनखडीचा दगड दोन जातींचा मिळतो. एक कठीण, खडबडीत, प्रवाळापासून झालेला. दुसरा मधासारखा पिवळट आणि मऊ. जगांतियाला बाहेरच्या भिंतीसाठी कठीण दगड आणि आतल्या चौकटींसाठी मऊ दगड वापरला आहे. कोणता दगड वाऱ्यापाण्याला टिकतो आणि कोणता हाताला वश होतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आतली आणि बाहेरची अशा दोन भिंती रचून मधली पोकळी मातीधोंड्यांनी भरून काढीत. जमीन करण्यासाठी दगडाचा चुरा पसरून, पाणी शिंपडून धुमसाने ठोकीत. ही जमीन इतकी टणक की काही ठिकाणी ती पाच हजार वर्षांनंतरही पायाखाली शाबूत आहे. हाजर ईम येथे एक शिळा वीस टनांहून अधिक वजनाची आहे. एवढे धूड हलविले कसे, याचे एक उत्तर तार्शीनला मिळते. तेथे शिळांच्या आसपास दगडाचे वाटोळे गोळे पडलेले आढळले. शिळेखाली असे गोळे सारून, मागून लाकडी पहारींनी रेटा देऊन ती सरकवीत नेत असावेत. एकदा जागेवर आली की तिच्या बुडाशी खळगा करून हळूहळू उभी करावयाची. याला राक्षसाचे बळ लागत नाही. दोर, लाकूड, पुष्कळ हात आणि एकाच्या हाकेसरशी सर्वांनी जोर लावण्याची सवय एवढेच लागते.

हे सारे आज इतके स्वच्छ दिसते. मग विद्वानांना ते का दिसले नाही? माल्टाचा इतिहास प्रथम विस्ताराने लिहिणारा जान फ्रांचेस्को आबेला याने १६४७ साली आपल्या ग्रंथात ही कामे राक्षसांच्या नावावर मांडली. त्याला दोष देता येत नाही. बायबलातच पुरातन महाकाय पुरुषांचा उल्लेख आहे, आणि त्या काळी सर्व युरोपची समजूत तीच होती. पुढच्या काळातील अभ्यासकांना राक्षस पटेनात, तेव्हा त्यांनी फिनीशियन व्यापाऱ्यांना पुढे केले. फिनीशियन लोक दर्यावर्दी, त्यांचे नाव ग्रंथांतरी आलेले, त्यांच्या वसाहतीच्या खुणा माल्टात सापडलेल्या; मग ही देवळेही त्यांचीच, असा तर्क होता. १८२७ मध्ये गोझोवरच्या कर्नल ओटो बायर या अधिकाऱ्याने जगांतियामधील माती उपसली. १८३९ मध्ये हाजर ईम आणि १८४० मध्ये म्नायद्रा मोकळे झाले. मात्र हे काम उत्खननापेक्षा साफसफाईच अधिक होते. मातीच्या कोणत्या थरात काय सापडले याची नोंद कोणी ठेवली नाही, आणि जी खापरे बोलली असती ती ढिगाऱ्यात गेली. अल्बर्ट मायर या जर्मन पंडिताने १९०१ मध्ये ही देवळे फिनीशियनांच्या फार पूर्वीची, इतिहासपूर्व काळची आहेत असे साधार मांडले, तेव्हा कोठे वादाची दिशा बदलली.

लगेच पुढच्या वर्षी एक अद्भुत योग आला. १९०२ मध्ये पाओला या गावी नवी घरे उठत होती. पावसाचे पाणी साठविण्याकरिता खडकात टाकी खोदीत असता गवंड्यांच्या पहारीखाली एका पोकळ जागेचे छत फुटले. खाली दालनांमागून दालने होती. कामगारांनी ती गोष्ट काही काळ दडवून ठेविली. काम बंद पडेल अशी धास्ती त्यांना वाटली असल्यास नवल नाही. शेवटी वार्ता फुटली, आणि हाल साफ्लीनी येथील भूमिगत समाधिस्थान जगासमोर आले.

त्याचे उत्खनन येशूसंघाचे फादर इमॅन्युएल माग्री यांच्याकडे सोपविण्यात आले. हे धर्मगुरू मोठे व्यासंगी होते. माल्टातील शेतकऱ्यांच्या तोंडच्या जुन्या कथा त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या होत्या, आणि त्यांत राक्षसांच्या कथाही होत्या. ज्या लोककथांनी देवळे राक्षसांना दिली त्यांचा संग्राहकच देवळांच्या खऱ्या मालकांच्या अस्थी उकरून काढू लागला. परंतु १९०७ मध्ये धर्मकार्यासाठी ट्युनिशियातील स्फाक्स येथे गेले असता त्यांना मृत्यू आला. उत्खननाची त्यांची टिपणे पुन्हा हाती लागली नाहीत. काही वर्षांचे काम असे एका माणसाबरोबर गेले. जुन्या वस्तूंच्या इतिहासात अशा हानीचे मोल कोणी मांडीत नाही, पण ते फार मोठे असते.

पुढचे काम डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांनी हाती घेतले. हे पेशाने वैद्य. माल्टातील इंग्रज शिपायांना एक चिवट ताप येई व तो महिनोन्‌महिने हटत नसे. त्याला ‘माल्टा ताप’ असेच नाव पडले होते. त्या तापाचे जंतू शेळीच्या दुधातून येतात हे १९०५ मध्ये झामित यांच्या तपासणीतून उघड झाले. दारोदार शेळ्या नेऊन समोर दूध काढून देण्याची तेथे रीत होती, आणि ताप त्या दुधातून घरोघर जात होता. लहानशा खुणेवरून मूळ कारणापर्यंत जाण्याची हीच सवय त्यांनी जमिनीतल्या थरांना लावली.

हाल साफ्लीनीची दालने एकाखाली एक अशा तीन मजल्यांत खडकात कोरलेली असून सर्वांत खालची जमिनीपासून सुमारे अकरा मीटर खोल आहेत. मृतांना ठेवण्याची ही जागा हजार वर्षांहून अधिक काळ वापरात होती. सुमारे सात हजार माणसांच्या अस्थी तेथे असाव्यात असा अंदाज झामित यांनी केला. मधल्या मजल्यावर वरच्या देवळांची हुबेहूब प्रतिकृती खडकात कोरली आहे. तेच दार, तोच उत्तरंग, आणि वर एकापुढे एक सरकत गेलेले छताचे थर. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात लाकडी छपराच्या कमानी जशा दगडी लेण्याला जोडलेल्या आहेत, तसाच हा प्रकार. माणसाने आधी एका साधनात जे घडविले तेच तो दुसऱ्या साधनात श्रद्धेने जपतो. वरच्या देवळांची छपरे केव्हाच कोसळली; ती कशी होती याचा सर्वांत चांगला पुरावा या कोरीव नकलेत उरला आहे. काही दालनांच्या छतावर तांबड्या गेरूने वळणावळणाची नक्षी काढली आहे. गोव्याकोकणातल्या जुन्या भिंतींवरचे कावेचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो रंग अनोळखी वाटणार नाही. एका दालनात पुरुषाच्या जाड आवाजाचा शब्द घुमत राहतो. त्यावरून तेथे देववाणी होत असे इत्यादी पुष्कळ गोष्टी रचल्या गेल्या आहेत, पण आवाज घुमतो यापलीकडे काही सिद्ध नाही.

याच ठिकाणी एक भाजलेल्या मातीची मूर्ती मिळाली. मंचकावर कुशीवर निजलेली, एक हात डोक्याखाली घेतलेली, कमरेखाली चुणीदार वस्त्र ल्यालेली ती स्थूल स्त्री माल्टाच्या संग्रहालयाचे भूषण होऊन राहिली आहे. तिची लांबी जेमतेम बारा सेंटिमीटर. ती झोपली आहे की निवर्तली आहे हे सांगता येत नाही, आणि घडविणाऱ्याच्या मनात कदाचित तसा भेदही नसेल.

तार्शीनची कथा अशीच. आपल्या शेतात नांगराचा फाळ सारखा मोठ्या दगडांना अडतो, असे एका शेतकऱ्याने झामित यांच्या कानावर घातले. १९१५ ते १९१९ या महायुद्धाच्या काळात त्यांनी ते शेत खणून काढले आणि सर्वांत अलंकृत देवळांचा समूह प्रकाशात आला. शिळांवर सर्पिल वेलबुट्टी, बैलांच्या आणि पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीच्या आकृती. दाराशी एका विशाल मूर्तीचा फक्त खालचा भाग उरला होता. पुष्ट पोटऱ्या, चुणीदार घागरा आणि इवलीशी पावले. संपूर्ण असताना ती अडीच मीटरांहून उंच असावी. एका कोरीव वेदीच्या दर्शनी अंगात दगडाचे एक झाकण बसविलेले आढळले. ते काढले तेव्हा आत पोकळीत गारगोटीची सुरी, बोकडाचे शिंग व जनावरांची हाडे होती. कोणा पुजाऱ्याने सुरी जागच्या जागी ठेवली, झाकण लावले, आणि ते उघडले गेले साडेचार हजार वर्षांनी.

पण काळ? वेलबुट्टीनेच विद्वानांना चकविले. ग्रीसमधील मायसीनीच्या राजांच्या थडग्यांत तशीच सर्पिल नक्षी आहे. सुधारणा पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरली, ईजिप्त आणि क्रीटने शिकविले व इतरांनी गिरविले, हा त्या काळचा जणू वेदमंत्र होता. तेव्हा माल्टाच्या गवंड्यांनी ही नक्षी मायसीनीकडून घेतली, म्हणून देवळे इ. स. पू. १६०० च्या आसपासची, असा निष्कर्ष निघाला. बेटवासी पुन्हा एकदा नक्कल करणारे ठरले. लुइजी उगोलिनी या इटालियन संशोधकाने १९३४ मध्ये याच्या अगदी उलट, माल्टाची संस्कृती स्वतंत्र व फार प्राचीन असल्याचे प्रतिपादले होते; पण त्याच्या हाती निर्णायक प्रमाण नव्हते आणि त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

प्रमाण आले ते प्रयोगशाळेतून. सजीव पदार्थातील किरणोत्सर्गी कार्बन मृत्यूनंतर ठरावीक गतीने घटत जातो, या तत्त्वावर विलर्ड लिबी या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये कालमापनाची रीत सिद्ध केली. त्याबद्दल त्याला १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. डेव्हिड ट्रंप यांनी १९६१ ते १९६३ या काळात स्कोर्बा येथे काळजीपूर्वक खणून देवळाखालचे त्याहून जुने खेडे शोधून काढले, आणि तेथील कोळशाचे नमुने तपासले गेले. मायसीनीचा पक्ष डळमळू लागला. पुढे हजारो वर्षांच्या वृक्षांच्या खोडांतील वर्षावर्षाची वलये मोजून हान्स स्यूस यांनी कार्बनच्या तारखांत दुरुस्ती केली, तेव्हा त्या आणखी कित्येक शतके मागे सरकल्या. कॉलिन रेन्फ्र्यू यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात हा सारा हिशेब मांडला. देवळे मायसीनीच्या दोन हजार वर्षे आधीची ठरली, आणि ईजिप्तच्या पहिल्या पिरॅमिडच्याही नऊशे वर्षे आधीची. नक्कल करावी असा नमुनाच त्या वेळी कोठे नव्हता. आपल्या मोहेंजोदडोच्या विटा भाजल्या जात होत्या तेव्हा माल्टातील ही परंपरा आपल्या अखेरीस आली होती.

जगातील सर्वांत जुनी दगडी बांधकामे हीच, असे पुष्कळ वर्षे म्हटले जाई. आता तसे म्हणता येणार नाही. तुर्कस्तानातील उर्फा शहराजवळ ग्योबेक्ली टेपे येथे १९९५ पासून जे उत्खनन झाले त्यात याहूनही सहा हजार वर्षे जुने कोरीव स्तंभ निघाले. त्याने माल्टाच्या शेतकऱ्यांचे काही उणे होत नाही. या दोहोंचा परस्परसंबंध दिसत नाही. प्रत्येकाने आपल्या भूमीतून आपले काढले.

मग ही माणसे होती तरी कशी? सिसिलीकडून ती गुरे, शेळ्यामेंढ्या, डुकरे आणि धान्याचे बी होड्यांत घालून आली. नव्या संशोधनाप्रमाणे हे पहिले आगमन इ. स. पू. ५९०० च्या सुमारास, म्हणजे देवळांच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी झाले. जव, गहू, मसूर ही त्यांची पिके. चारही बाजूंना समुद्र असूनही मासळी त्यांच्या आहारात फार थोडी होती, हे त्यांच्या हाडांच्या रासायनिक परीक्षणावरून कळते. कोकणच्या माणसाला याचे आश्चर्य वाटेल. देवळांना वीस वीस टनांच्या शिळा वाहणाऱ्या या लोकांची स्वतःची घरे मात्र कच्च्या विटांची आणि मातीची होती, आणि म्हणून ती जवळजवळ सगळी नाहीशी झाली. तटबंदी आढळत नाही, युद्धाच्या खुणा आढळत नाहीत. रेन्फ्र्यू यांनी देवळांच्या जागांवरून बेटांचे सहा भाग कल्पून प्रत्येकाचा एक नायक असावा असा तर्क केला. पण त्या नायकाचा वाडा नाही, थडगे नाही, दागिने नाहीत. मृत्यूनंतर सगळे एकाच समाधिस्थानात एकमेकांच्या अस्थींत मिसळून गेले आहेत.

त्यांच्या धर्माविषयी फार बोलले जाते. स्थूल मूर्तींवरून येथे मातृदेवतेची पूजा होती असे अनेकांनी ठासून सांगितले. परंतु त्यांतील कित्येक मूर्ती स्त्रीच्या की पुरुषाच्या हे मुळीच दाखविलेले नाही. काही मूर्तींच्या मानेच्या जागी भोक आहे. त्यात निराळे डोके बसवून दोरीने बांधीत आणि प्रसंगानुसार ते बदलता येई. यावरून एवढेच म्हणता येते की त्यांची कल्पना आपल्या कल्पनेत नीट मावत नाही. म्नायद्राच्या दक्षिण देवळाविषयी मात्र शंका नाही. मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवसरात्र समान होतात त्या दिवशी उगवत्या सूर्याचा किरण मुख्य दारातून सरळ आतपर्यंत जातो. उत्तरायण व दक्षिणायन लागते त्या दिवशी तो दाराच्या आतल्या बाजूच्या शिळांच्या कडांवर पडतो. पेरणी कधी करावी हे ज्याला आभाळाकडे पाहून ठरवायचे असते, त्याने बांधलेले हे देऊळ आहे. याच म्नायद्रावर १३ एप्रिल २००१ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, काही समाजकंटकांनी पहारी घालून साठएक शिळा पाडल्या व फोडल्या. त्या पुन्हा उभ्या करण्यात आल्या, आणि २००९ पासून म्नायद्रा व हाजर ईम या दोहोंवर मोठी छत्रे उभारण्यात आली आहेत. हाल साफ्लीनीत तर माणसांच्या श्वासाने रंग खराब होतात म्हणून दिवसाला ऐंशीच्या आसपासच लोकांना आत सोडतात.

इ. स. पू. २३५० च्या सुमारास हे सारे थांबले. कोणा शत्रूने जाळपोळ केल्याचे दिसत नाही. झामित यांना तार्शीनच्या देवळाच्या जमिनीवर सुमारे तीन फूट निव्वळ गाळमातीचा थर आढळला. त्या थरावर नव्या लोकांनी आपल्या मृतांची राख मडक्यांत भरून पुरली होती, आणि सोबत तांब्याच्या कट्यारी ठेवल्या होत्या. मधल्या थरात काही नव्हते. अलीकडे, २०१३ ते २०१८ या वर्षांत, कॅरोलाइन मॅलोन यांच्या नेतृत्वाखाली एका संशोधकमंडळाने बेटांच्या दऱ्यांतील गाळ, परागकण आणि अस्थी यांचा एकत्र अभ्यास केला. झाडे फार पूर्वीच तुटली होती, माती पावसाबरोबर वाहून जात होती, हवा कोरडी होत चालली होती, आणि शेवटच्या पिढ्यांचे पोषण खालावले होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक परीक्षणात असे दिसले की या लोकांची संख्या फार थोडी राहिली होती आणि बाहेरच्यांशी त्यांचे विवाहसंबंध तुटलेले होते. एकाच्या बाबतीत तर आईबाप एकमेकांचे जवळचे आप्त असावेत असे आढळले. ज्या माणसांचे पूर्वज काचदगडासाठी पांतेलेरियापर्यंत जात होते, ती माणसे आता आपल्याच बेटावर एकटी पडली होती. तरीही देवळे बांधणे त्यांनी सोडले नव्हते. सर्वांत नटलेली देवळे याच उतरत्या काळातली आहेत.

हे परीक्षण ज्यांच्या अस्थींचे झाले ते लोक शारा गावाजवळच्या एका भूमिगत समाधिस्थानातले. १९८७ ते १९९४ या काळात तेथे पुन्हा खणले गेले. सुमारे दोन लाख वीस हजार हाडे व हाडांचे तुकडे एकेक करून उचलले गेले. त्यांत लहान मुलांची पुष्कळ. तेथेच एका जागी नऊ लहान दगडी मूर्ती एकमेकींना चिकटून, जणू एका पुरचुंडीत बांधल्याप्रमाणे पडलेल्या मिळाल्या. मुठीत धरून उभ्या करता याव्यात अशा त्या आहेत. त्यांतल्या काहींची तोंडे, केस, वस्त्राची किनार पूर्ण कोरलेली आहे. काहींवर काम अर्धे झाले आहे. एकीला तर कारागिराने नुसता आकार दिला आहे. तिच्या चेहऱ्याच्या जागी अजून सपाट दगडच आहे.